बिनव्याजी चिरंजीव

व्यवस्थितरावांवर कर्ज झालं ते त्यांच्या व्यवस्थितपणामुळेच. उधळ्या माणसाला कर्ज झालं तर त्यात नवल नसतं. तो पैसे उडवतो, चैन करतो आणि मग डोक्याला हात लावून बसतो; म्हणजे निदान मधली चैन तरी त्याच्या पदरात पडते. व्यवस्थितरावांच्या पदरात एक गादी पडली. पाठीच्या कण्याला आधार देणारी, साठ हजारांची, आणि दुकानदाराने "कार्ड घासा आणि विसरून जा साहेब" असं म्हणत गळ्यात मारलेली.

विसरून जाणं हे व्यवस्थितरावांच्या स्वभावात नव्हतं. ते नळांच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. मागणीच्या चिठ्ठीवर बारा वॉशर लिहिलेले असतील तर तेरावा वॉशर त्यांच्या हातून खुद्द मालकालाही सुटला नसता. त्याच नियमाने कार्डाचं बिल आलं की त्यावर 'किमान देय रक्कम' म्हणून जो आकडा छापलेला असे, तो ते दुसऱ्याच दिवशी भरून टाकत. बँकेने मागितले तेवढे दिले; कमी नाहीत, जास्त नाहीत. मग बँकेचा धन्यवादाचा मेसेज येई आणि तो ते बायकोला मोठ्याने वाचून दाखवत. "बघ, बँकसुद्धा धन्यवाद म्हणते. या घरात म्हणतं का कोणी?"

दोन वर्षांनी एकदा बायकोच्या हाती ते बिल लागलं. तिने ते वरपासून खालपर्यंत वाचलं, जे व्यवस्थितरावांनी कधी केलं नव्हतं, कारण वरचा आकडा बँकेने मागितलेला नव्हता.

"अहो, गादी साठ हजारांची. आजवर भरले किती?"

"पासष्ट हजार. एकही हप्ता चुकला नाही."

"मग इथे अजून अठ्ठेचाळीस हजार बाकी का आहेत?"

व्यवस्थितराव हसले. बँकांच्या चुका होतातच, माणसंच असतात बिचारी. त्यांनी त्या चुकीबद्दल बँकेला अभय द्यायच्या उदार मनःस्थितीत फोन लावला. पलीकडच्या मुलीने अतिशय गोड आवाजात समजावून सांगितलं की व्याज शेकडा बेचाळीस आहे, त्यामुळे त्यांनी भरलेली जवळजवळ सगळी रक्कम व्याजात गेली, आणि सर, तुम्ही आमचे फार लाडके ग्राहक आहात. लाडके हा शब्द त्यांच्या फार जिव्हारी लागला. त्यांना आईनेही कधी लाडकं म्हटलं नव्हतं, आणि आता म्हटलं ते कोणी, तर बेचाळीस टक्क्यांनी.

त्या दिवसापासून त्या गादीवर त्यांना झोप येईना. कण्याला आधार होता, पण बाकीचा माणूस निराधार झाला होता.

बातमी जिन्यावरून खाली उतरली. खालच्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक कॅशियर राहत, आणि इमारतीतल्या प्रत्येकाच्या पैशांची काळजी त्यांनी स्वखुशीने अंगावर घेतलेली होती. ते बनियनवरच वर आले.

"घाबरू नका," ते म्हणाले. "कर्जफेडीच्या दोन रीती आहेत. काही जण सगळ्यांत लहान कर्ज आधी मिटवतात, म्हणजे उमेद वाढते. काही जण सगळ्यांत जास्त व्याजाचं आधी मिटवतात, म्हणजे पैसे वाचतात. तुमची कर्जं किती?"

"एकच."

कॅशियरांचा चेहरा पडला. "एकच? मग काय मार्गदर्शन करणार? आणखी दोनतीन असती तर तुम्हाला रांगेत लावून दिली असती." आणि कर्जाच्या बाबतीतही काटकसर करणाऱ्या या माणसाकडे खेदाने बघत ते खाली गेले.

शेवटी बायकोनेच मामांचं नाव काढलं. मामा म्हणजे तिचे सख्खे मामा, दोन गल्ल्या सोडून एकटे राहणारे. मामींना जाऊन बरीच वर्षं झाली होती. मामा कोर्टात लघुलेखक होते. सबंध नोकरीत त्यांनी चोर, वकील, साक्षीदार आणि न्यायाधीश यांचं बोलणं मान खाली घालून टिपून घेतलं, आणि बहुधा त्या सवयीने स्वतः बोलणं जवळजवळ सोडूनच दिलं. घरी आले की 'हो', 'नको' आणि 'येतो' एवढ्यावर त्यांची भेट पार पडे.

व्यवस्थितरावांनी मान वर न करता अडचण सांगितली. मामांनी ती टिपून घेतल्यासारखी ऐकली आणि दुसऱ्या दिवशी पाकिटात घालून अठ्ठेचाळीस हजार आणून दिले.

"व्याज?" व्यवस्थितरावांनी विचारलं.

मामांनी हात हलवून नको म्हटलं. घरच्या माणसाकडून कसलं व्याज, असा त्या हाताचा अर्थ होता. व्यवस्थितरावांना भरून आलं. त्यांनी त्याच दिवशी कार्ड फेडलं, बंद केलं आणि पट्टीने मोजून त्याचे सारखे आठ तुकडे केले. जीव भांड्यात पडला. दरमहा पाच हजार मामांना द्यायचे, वर्षाच्या आत मोकळं व्हायचं. शेकडा बेचाळीसवरून शेकडा शून्यावर येणारा माणूस ज्या समाधानाने झोपेल त्या समाधानाने ते त्या रात्री झोपले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामा आले, ते एक मोठी पिशवी घेऊन. पिशवीतून त्यांनी एक लाकडी बाहुला काढला. त्याला पडद्याच्या कापडाचा कोट होता, रंगवलेली मिशी होती, आणि एक पापणी अर्धवट अडकलेली असल्यामुळे समोरच्याचं सगळं बोलणं खोटं आहे असा त्याचा कायमचा भाव होता. मामांनी त्याला मांडीवर बसवलं, पाठीत हात घातला, आणि बाहुल्याचा जबडा खटकन उघडला.

"नमस्कार," बाहुला म्हणाला. "मी यांचा चिरंजीव."

मामा निवृत्तीनंतर शब्दभ्रम शिकत होते, हे तेव्हा कळलं. ओठ न हलवता बोलण्याची ही कला मामांना अजून तितकीशी साधली नव्हती; बाहुल्याच्या जबड्यापेक्षा त्यांचेच ओठ जास्त हलत. पण ज्याच्याकडून अठ्ठेचाळीस हजार घेतलेत त्याच्या ओठांकडे माणूस बघत नाही. व्यवस्थितराव डोळे फाडून बाहुल्याकडे बघत राहिले. बायकोने तर विचारलंसुद्धा, "चिरंजीव, चहा घेणार?"

"बाबांना द्या. मला चालत नाही, लाकूड फुगतं."

सगळे हसले. मामाही हसले. आणि मग मामांनी खिशातून रुमाल काढून तोंडाशी धरला. ओठ मिटल्याशिवाय ज्या अक्षरांचा उच्चार होत नाही ती अक्षरं आली की मामा रुमाल धरत, अशी त्यांनी आपल्यापुरती सोय केली होती. रुमालाआडून चिरंजीव म्हणाले, "पैसे परत कधी देणार?"

मामा कमालीचे ओशाळले. "गप्प!" ते स्वतःच्या आवाजात बाहुल्याला म्हणाले, आणि हाताने व्यवस्थितरावांची माफी मागितली. तोंडाळ आहे, मनावर घेऊ नका, असा त्या हाताचा अर्थ होता.

त्या दिवसापासून मामा रोज संध्याकाळी येऊ लागले. मामांनी पैशांचा विषय कधीही काढला नाही, हे त्यांच्या बाबतीत सांगितलंच पाहिजे. इतका सभ्य धनको शोधून सापडला नसता. विषय चिरंजीव काढत. व्यवस्थितरावांनी नवी छत्री घेतली, तर चिरंजीवांची अडकलेली पापणी तिच्यावर स्थिर होई. "बाबा, यांच्याकडे छत्रीला आहेत." जेवायला बसलं की, "दुसऱ्यांदा वाढून घेताहेत हो." महिन्याचे पाच हजार हातात ठेवले की, "एवढेच?" आणि दरवेळी मामा त्याला दटावत, आणि दरवेळी रुमाल वर जाई. पुढेपुढे मामांना साधी शिंक येऊन त्यांनी रुमाल काढला तरी व्यवस्थितराव खिसा चाचपू लागले.

"तुझ्या मामांना सांग ना," ते बायकोला म्हणाले.

"काय सांगू? मामा तर एक अक्षर बोलत नाहीत."

"अगं, तो बाहुला!"

"बाहुल्याचं काय मनावर घेता? लहान आहे." आणि मग ती जरा थांबून म्हणाली, "माझ्या लहानपणापासून मामा माझ्याशी एवढं कधी बोलले नव्हते. परवा मामींची आठवण सांगितली त्यांनी. म्हणजे, त्याने सांगितली."

तिने चिरंजीवांसाठी कोपऱ्यातलं एक स्टूल पुसून ठेवलं. त्या स्टुलावर आता दुसऱ्या कोणी बसायचं नाही, असा घरात कायदा झाला.

इमारतीत बोभाटा व्हायला वेळ लागला नाही. पाण्याची टाकी धुण्याच्या वर्गणीसाठी सभा भरली, तेव्हा व्यवस्थितरावांनी उभं राहून वेळेवर वर्गणी भरण्याचं महत्त्व या विषयावर चार शब्द सांगितले. नेहमी तेच सांगत. मागच्या रांगेतून एक चिरका आवाज आला, "हे कोण सांगतंय बघा!" टाळ्या पडल्या. कॅशियरांनी तर पुढे येऊन चिरंजीवांच्या लाकडी हाताशी हस्तांदोलन केलं. वसुलीच्या खात्यात असा एक माणूस आमच्याकडे असायला हवा होता, म्हणाले.

मग एका दुपारी मामा कारखान्यात आले. भाचीने डबा पाठवला होता, तो द्यायला. हेतू चांगलाच होता. स्टोअरच्या खिडकीशी फिटर लोक रांगेत उभे होते आणि व्यवस्थितराव एकेक वॉशर मोजून देत होते. खिडकीच्या कट्ट्यावर आधी डबा आला आणि पाठोपाठ पडद्याचा कोट.

"दुसऱ्यांना मोजून देतात हो," चिरंजीव फिटरांना म्हणाले, "आमचं मात्र मोजायला बसले की यांचं बोट दुखतं."

वीस वर्षं ज्या खिडकीत त्यांचा शब्द शेवटचा असे, त्या खिडकीत फिटर पोट धरून हसले. त्या दिवसानंतर कोणाला काही नाकारलं की तो पापणी अर्धी मिटून व्यवस्थितरावांकडे बघे आणि निघून जाई. एकदा मालकानेही बघितलं.

व्यवस्थितरावांनी हात टेकले. मामांशी भांडावं, तर मामांनी काय केलं होतं? त्यांनी बिनव्याजी पैसे दिले, तगादा लावला नाही, उलट ज्याने लावला त्याला रागावले. अशा देवमाणसाशी भांडणार कसं? राहता राहिला चिरंजीव. एका संध्याकाळी मामा हात धुवायला आत गेले असताना ते स्टुलासमोर उकिडवे बसले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "हे बघ, तुझं वय काय, तू बोलतोस काय? चारचौघांत मला बोलायचं नाही. तुला काय हवं ते सांग. कोट शिवून हवाय का? चांगल्या कापडाचा?"

चिरंजीव काही बोलले नाहीत. मागे दारात बायको चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

"अहो," ती हळूच म्हणाली, "डॉक्टरकडे जायचं का?"

तेव्हा त्यांनी ठरवलं की आता हे कर्ज एकरकमी फेडायचं, आणि त्यासाठी बँकेकडून कर्ज काढायचं. म्हणजे शेकडा शून्याचं कर्ज फेडण्यासाठी शेकडा बाराचं घ्यायचं. कॅशियर हे ऐकून जिन्यात मटकन बसले. पण शून्य टक्क्याचं व्याज काय असतं हे त्यांना माहीत नव्हतं.

ज्या बँकेचं कार्ड होतं त्याच बँकेत ते गेले. कर्जाच्या टेबलावरच्या बाईंनी संगणकात बघितलं आणि त्या हळहळल्या.

"तुमचं किती छान चाललं होतं. दोन वर्षं न चुकता किमान रक्कम! मग एकदम असं फेडून का टाकलंत?"

"पैसे आले म्हणून."

"तसं करू नये हो," बाई कळवळून म्हणाल्या. "आता तुमच्या नावावर काहीच नाही. ज्याच्यावर कर्जच नाही त्याच्यावर बँकेने कशाच्या आधारावर विश्वास ठेवायचा? जामीनदार आणा एखादा."

जामीनदार हा शब्द उच्चारताच माणसं कशी आजारी पडतात याचा अनुभव त्यांनी आठवडाभर घेतला. कॅशियरांचा गुडघा दुखायला लागला. कारखान्यातल्या हिशेबनिसाला गावाकडचा आजारी चुलता आठवला. शेवटी, ज्यांचं कर्ज फेडायचं त्या मामांनाच जामीन राहायला सांगण्याची पाळी आली. कर्ज कशासाठी हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. 'घरच्या कामासाठी' म्हणाले. मामांनी मान डोलावली आणि पिशवी घेऊन बरोबर निघाले.

"आजोबा," बँकेतल्या बाई म्हणाल्या, "यांच्यावर तुमचा भरवसा आहे ना? तुमच्या तोंडून ऐकायला हवं."

मामांनी तोंड उघडलं. काहीच आलं नाही. जन्मभर ज्यांनी दुसऱ्यांच्या साक्षी लिहून घेतल्या त्यांची स्वतःची साक्ष घशात अडकून राहिली. त्यांनी व्यवस्थितरावांकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, आणि बुडत्या माणसासारखा पिशवीत हात घातला.

"आहे," टेबलावर बसून चिरंजीव म्हणाले. "माणूस चिकट आहे, पण बुडवणार नाही. मी रोज बघतो."

बाईंनी एकदाही आश्चर्य दाखवलं नाही. त्या टेबलावर त्यांनी याहून विचित्र जामीनदार बघितले असावेत. "मग मलाही काळजी नाही," त्या म्हणाल्या. "घरातच असा तगादा असेल तर हप्ता चुकायचा नाही. वसुलीला येता का आमच्याकडे?"

मामा खुलले. इतके खुललेले मामा कोणी पाहिले नव्हते. आणि तेवढ्यात बाईंनी सहीसाठी कागद पुढे सरकवत सहज वाचलं, "कर्जाचं कारण, नातेवाइकाची उसनवारी फेडणे. नातेवाईक कोण हो?"

व्यवस्थितरावांनी छताकडे बघितलं. छत व्यवस्थित होतं.

मग जबडा हळूच उघडला. मामा या वेळी रुमाल धरायला विसरले होते.

"तो मीच," चिरंजीव म्हणाले. "बाबा, आपले बिनव्याजी पैसे हे व्याज भरून परत देणार आहेत. एवढा आपला त्रास होतो यांना?"

मामांनी बाहुला पिशवीत ठेवला, त्याचा हात वाकडा झाला होता तो नीट केला आणि जामीनदाराच्या जागी सही केली. अक्षर फार सुंदर होतं.

पैसे मिळाले. व्यवस्थितरावांनी ते मामांना नेऊन दिले. मामांनी ते दोन्ही हातांनी घेतले, मान डोलावली आणि 'येतो' म्हणायच्या ऐवजी, त्यांचंच घर असल्यामुळे, काहीच म्हटलं नाही.

मग संध्याकाळी मोकळ्या झाल्या. दाराची घंटा वाजेना. व्यवस्थितराव दुसऱ्यांदा वाढून घेत आणि कोणी काही म्हणत नसे. नवी चप्पल घेतली, तीही कोणाच्या लक्षात आली नाही. वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचून झालं तरी जेवायला अवकाश असे. ज्या शांततेसाठी ते शेकडा बारा भरत होते ती शांतता त्यांना भरल्या घरात खायला उठली. स्टूल तसंच कोपऱ्यात होतं. बायको रोज ते पुसत होती.

"मामांकडे जाऊन आलीस?"

"गेले होते. हो म्हणाले, नको म्हणाले."

"आणि तो?"

"कपाटात आहे. मी विचारलं, तर मामांनी नुसता हात हलवला." तिने फडकं झटकलं. "पैशांवरूनच तर बोलायला शिकले होते ते, अहो. तुम्ही त्यांचा विषयच फेडून टाकलात."

व्यवस्थितराव त्या दिवशी कारखान्यातून परस्पर मामांकडे गेले. पगार त्याच दिवशी झाला होता आणि शर्टाचा खिसा चांगला फुगलेला होता. मामांनी दार उघडलं, खुर्ची दाखवली, स्वतः समोर बसले. खोली झाडलेली होती. कपाटाचं दार बंद होतं. दोघं बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले, आणि खिडकीबाहेर तर नुसती भिंत होती.

व्यवस्थितरावांनी घसा साफ केला. आयुष्यात त्यांनी गरज नसताना कोणाकडे काही मागितलं नव्हतं, आणि ते इतकं अवघड असेल अशी त्यांना कल्पना नव्हती.

"मामा, जरा अडचण होती. शंभरची एक नोट मिळेल का?"

मामांची नजर त्या फुगलेल्या खिशावर गेली आणि तिथे जरा थांबली. मग ते उठले, आत गेले, शंभरची नोट आणून त्यांच्या हातावर ठेवली आणि पुन्हा गप्प बसले. कपाटाकडे त्यांनी बघितलंही नाही.

झालं. व्यवस्थितरावांना स्वतःचीच लाज वाटली. मोठे आले मायेचं नाटक करायला. ते उठले, नोट खिशात घातली, नव्या चपला पायांत सरकवल्या आणि दाराची कडी काढली.

"आणि हे कधी मिळायचे, जावईबापू?"

ते वळले. मामांच्या हातांत काही नव्हतं. आवाज जरा बसका होता, वापरात नसलेल्या नळासारखा आधी खरखरला, पण मामांचाच होता. स्वतःच्या बोलण्याने दचकून मामा खुर्चीचे हात घट्ट धरून बसले होते.

व्यवस्थितराव कडी पुन्हा लावून आत आले. डोळे पुसावेत असं त्यांना वाटत होतं, पण ते त्यांनी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

"लवकर जमेलसं वाटत नाही, मामा. फार ओढाताण आहे."

"मग बसा," मामा म्हणाले. "मला तुमच्याशी बरंच बोलायचंय."